मथुरेचे बारा ठोके

गुरुदास मालंडकराने अमेरिकेत दुसरी बायको केली आहे, तिचं नाव मथुरा आणि ती एका उभ्या घड्याळात राहते, ही बातमी यंदा पौषात आमच्या वाडीतून निघाली आणि तरीच्या होडीत बसून खाडीने वर मसुऱ्याला पोचली. वाटेत तिला दोन मुलं झाली. मसुऱ्याच्या बाजारात एका म्हातारीने मला धरून विचारलं, की दोन पोरं घेऊन ती घड्याळात झोपते कशी, आणि किल्ली कोण देतं.

यातली मथुरा खरी, अमेरिका खरी आणि घड्याळही खरं. बायको मात्र गुरुदासदादाला एकच, आनंदीवहिनी, आणि मुलं अजून नाहीत. मथुरा ही पेटीतली बाई. ती गुरुदासदादाला ओळखत नाही. तो तिला ओळखतो, आमची अख्खी वाडी तिला ओळखते, आणि आता देव रवळनाथालाही तिची सगळी हकिगत माहीत आहे.

गुरुदासदादा बोटीवर खलाशी. दीड-दोन वर्षांनी घरी येतो आणि आला की महिनाभर पाय फाकून, एक खांदा खाली टाकून चालतो, जणू घरापुढच्या खळ्यात लाटा उठताहेत. ती चाल मी करून दाखवली की वाडीतली पोरं जमिनीवर लोळतात. माणूस तसा अबोल. इतक्या वर्षांत अमेरिकेविषयी त्याने सांगितलेलं एकच वाक्य वाडीला पाठ होतं: "थंडी आसा."

या खेपेला मात्र तो गजाली, म्हणजे रंगवून सांगायच्या गोष्टी, घेऊनच उतरला. झालं असं, की तिकडे त्याच्या बोटीचं इंजिन बिघडलं आणि बोट बरेच दिवस गोदीत अडकली. बंदराजवळ खलाशांनी बसावं म्हणून एक क्लब होता, तिथे चित्राची पेटी. पेटी म्हणजे रेडियोला पुढून काच लावावी आणि आत माणसं सोडावीत तशी. त्या काचेत दर शुक्रवारी एकाच घरातली नवरा-बायको येत आणि दर शुक्रवारी काहीतरी नवा घोटाळा करून जात. गुरुदासदादाला इंग्रजी येतं ते दोरखंड, बादली आणि 'येस सर' एवढंच. त्यामुळे ती दोघं काय बोलतात ते त्याने चेहऱ्यांवरून ताडलं आणि आम्हाला मालवणीत सांगितलं. त्यांची नावंही त्यानेच ठेवली. नवरा शंकर. बायको मथुरा. मथुरा हे बोटीवरच्या मांजरीचं नाव होतं, पण ते त्याने वेळेवर सांगितलं नाही आणि पुढे सांगितलं तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही.

संध्याकाळी त्याच्या खळ्यात माणसं जमू लागली. सगळ्यांच्या पुढे भाई परब. भाई देवस्थानचे मानकरी. आपल्याला विचारल्याशिवाय खाडीला भरती येत नाही, असा त्यांचा समज आहे आणि भरतीने तो अजून खोडून काढलेला नाही. गुरुदासदादाने पहिलीच गजाल सांगितली तेव्हा कोणी हसलं नाही. सगळ्यांना शंकरची कीव आली. तेव्हा तो म्हणाला, की तिकडे ही पेटी बघताना माणसं पोट धरून हसतात, आणि आपल्याला कळावं म्हणून पेटीच्या आतूनही कोणी न दिसणारी माणसं हसत असतात.

भाईंना हे पटेना. न दिसणारे लोक बसतात कुठे, आणि त्यांना हसायला कोणी सांगितलं, याचा त्यांनी कसून तपास केला. शेवटी त्यांनीच निवाडा दिला. देवळात गाऱ्हाणं घालताना एक जण बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, नाहीतर गाऱ्हाणं लागत नाही. तसंच हे. हसणारा माणूस मानाचा पाहिजे.

मानाचा म्हणून मला नेमलं. मी गुरुदासदादाच्या मागे बसायचो आणि त्याने पाठीमागे हात नेऊन बोटं हलवली की हसायचो. कधी शाळेच्या हेडमास्तरांसारखा नाकातून, कधी पोस्टमनसारखा खोकत, कधी खुद्द भाईंसारखा, आधी पोट आणि मग आवाज. मी हसलो की वाडी हसायची. आधी कोणी हसलं तर भाई मागे वळून बघत.

हळूहळू काही गजाली वाडीच्या लाडक्या झाल्या. कोंबडीची एक. शंकरचा साहेब जेवायला येतो, मथुरा अख्खी कोंबडी भट्टीत ठेवते आणि भट्टी पेटवायचीच विसरते. मग साहेबाने भूक विसरावी म्हणून ती गाते, नाचते, त्याचा हात बघून भविष्य सांगते, आणि भविष्यात सारखं 'थोडी वाट बघावी लागेल' असंच निघतं. बायकांनी ही गजाल पुन्हा पुन्हा सांगायला लावली, पण हसायला नव्हे. अख्खी कोंबडी खोबऱ्याचं वाटप लावल्याशिवाय साहेबापुढे ठेवायची ठरवलीच कशी, हे त्यांना कळत नव्हतं.

दुसरी खुर्चीची. मथुरा नवऱ्याची मोडकी खुर्ची धर्मादाय देऊन टाकते आणि ती लिलावात निघते. खुर्चीपायी शंकर जेवेनासा होतो, म्हणून ती परत आणायला मथुरा गुपचूप लिलावाला जाते. शंकरही गुपचूप जातो. मध्ये एक खांब. खांबाच्या अलीकडून ती बोली वाढवते, पलीकडून तो. आपल्याच घरातली खुर्ची आपल्याच घराशी चढाओढ करून घेतात. आमच्याकडे जत्रेत देवापुढच्या फळांची पावणी, म्हणजे लिलाव, होते, तीत मागल्या साली भाई आणि त्यांचे सख्खे भाऊ आपल्याच झाडाच्या फणसावर असेच इरेला पेटले होते. मी हसलो, सगळे हसले. भाई हसले नाहीत.

या गजालींत शंकरची आई यायची ती गुरुदासदादाच्या आईसारखीच बोलायची, नर्मदाकाकीसारखी. काकीच्या हे लक्षात आलं नव्हतं. ती पानाचा तोबरा सांभाळत म्हणायची, की त्या अमेरिकेत शहाणी अशी ती एकच बाई दिसते.

मग आली घड्याळाची गजाल.

शंकरच्या घरात त्याच्या आजोबांचं माणसाएवढं उभं घड्याळ. मथुरेने ते झाडता झाडता पाडलं. आतली चाकं दुरुस्तीला गेली, नुसता लाकडी सांगाडा घरात राहिला, आणि नेमकी त्याच दिवशी सासू येऊन ठेपली. मथुरा काय करते, तर सांगाड्यात शिरते, दार ओढून घेते आणि तोंडाने टिकटिक करते. सासू खुर्ची ओढून समोर बसते आणि म्हणते, बाराचे ठोके ऐकीन आणि मगच उठीन.

टिकटिक मी करत होतो. गुरुदासदादा माजघराच्या दारात चौकटीला चिकटून उभा राहिला आणि मथुरा आत कशी उभी आहे ते दाखवू लागला. श्वास धरलेला. हात अंगाशी. नाकावर घामाचा थेंब आला, खाली सरकला, शेंड्याशी येऊन लोंबकळला. पुसायला हात वर न्यायला जागा नाही. आणि बारा वाजायला आले.

आनंदीवहिनी आत खोबरं खवत होती. खवण्याचा आवाज थांबला.

"घड्याळाचो दरवाजो बंद होतो मां?" तिने विचारलं.

"होतो."

"सासू भायर. तिका आतला दिसणा नाय."

"नाय."

"शंकर कामार गेललो."

"गेललो."

"मगे तिच्या नाकावरचो घाम बघूक तुमी खंय होतास?"

मी टिकटिक बंद केली. खळ्यात नर्मदाकाकीचं पान चावणं तेवढं ऐकू येऊ लागलं. गुरुदासदादा म्हणाला, पेटीत बंद दाराच्या आतलंही दिसतं, पेटीवाले ते दाखवतात. हे सांगताना त्याच्याच नाकावर घाम आला. वाडीने त्या घामाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. दार बंद असताना आतलं दिसतं हे कोणाला पटणार? भाईंनी घसा साफ केला आणि बाईचा मुद्दा बरोबर आहे असं जाहीर केलं. नंतर मागून कोणीतरी पुटपुटलं, की नाव तरी मथुराच कसं सुचलं. मांजरीचा खुलासा तेव्हा झाला. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तरीने वहिनी माहेरी मसुऱ्याला गेली.

आता खरी पंचाईत सांगतो. शिमग्याआधी गुरुदासदादाला मुंबईला जाऊन बोट धरायची होती. तोवर वहिनी परतली नाही तर पुढची दीड-दोन वर्षं हा समुद्रावर, ती माहेरी, आणि दोघांच्या मध्ये घड्याळात उभी मथुरा. असे मोडलेले संसार आमच्या खाडीने बघितले आहेत. ते साध्या कारणांनी मोडतात आणि मग कोणी बांधायला जात नाही.

मी त्याला धक्क्यावर गाठून म्हटलं, दादा, मसुऱ्याला जा आणि पाय धर. तो म्हणाला, "मी जावचंय नाय. ती आपल्या पायान येतली." मी म्हटलं, जन्मात येणार नाही. तिथेच पैज लागली. तो गेल्याशिवाय वहिनी आली नाही तर त्याचा अमेरिकेहून आणलेला माऊथ ऑर्गन माझा. आली, तर मी शिमग्यापर्यंत कोणाची नक्कल करायची नाही, त्याच्या चालीची तर नाहीच. माऊथ ऑर्गन माझाच झाला, या हिशेबाने मी त्याच दिवशी ओठ घासून ठेवले.

वाडीला मात्र वेगळीच तळमळ लागली. विहिरीवर, धक्क्यावर, देवळात एकच प्रश्न: पुढे काय झालं? आनंदीचं नव्हे, मथुरेचं. आनंदी काय, आज ना उद्या येईल, माहेरी खाऊनपिऊन आहे. ती बिचारी मात्र घड्याळात उभी आहे. कोणी म्हणे तिला शिंक येणार. कोणी म्हणे ती अकरा ठोके देऊन चुकणार. पोस्टमनचं मत, की ती बेशुद्ध पडणार आणि सासू म्हणणार घड्याळ बंद पडलं. दोन घरांत यावरून बोलणं बंद झालं.

गुरुदासदादा तोंड उघडेना. भाई स्वतः त्याच्या दारी गेले. त्याने सांगितलं, "आनंदी येय पर्यंत मी एक शब्द सांगूचंय नाय." सगळ्यांना वाटलं, वा, काय बायकोवर जीव. मलाही वाटलं.

शेवटी भाईंनी मथुरेसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. एका म्हाताऱ्याने हरकत घेतली, की अमेरिका आपल्या देवाच्या हद्दीत येत नाही. भाईंनी त्याला गप्प केलं. आपले चाकरमानी दर्यापार असतात, त्यांना संभाळ म्हणून आपण गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देव तिकडे जातोच. गेलाच आहे तर जरा वाकडी वाट करून तिच्याकडेही बघेल.

सोमवारी सगळे देवळात जमले. भाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि पोट पुढे घेतलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुजी एक लेक, नाव मथुरा, दर्यापार घड्याळात अडकान पडली हा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिका शिंक येव नये, उचकी लागू नये. बाराचे बारा ठोके सरळ पडॉत. सासवेच्या मनात काय किंतू आसात तर तो काढून टाक, आणि तिचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गुरवाने कौल लावला. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. वाडी सुटकेचा निःश्वास सोडून नारळाचा प्रसाद खात घरी गेली.

हे असं आयतं हाती आलेलं मी कसं सोडीन? दुसऱ्या दिवशी तरीत बसलो आणि भाई केला. मिटलेले डोळे, पोट, मध्येच घशात अडकणारा कफ, सगळं. तरीतली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून अशी उठली की नावाडी ओरडला, बुडवाल. सर्वांत मोठ्याने ओरडत होती तुळसा. ती मसुऱ्याची, सुकी मासळी विकणारी. आनंदीवहिनीच्या माहेराला आणि तिच्या घराला मिळून एकच दगडी गडगा आहे, हे मला माहीत होतं, पण भाई अंगात असताना आठवलं नाही.

परतीच्या तरीने वहिनी आली. पदर खोचलेलाच होता.

धक्क्यापासून घरापर्यंत तिच्या मागे माणसं वाढत गेली. खळ्यात पोचली तेव्हा निम्मी वाडी होती आणि भाई ओट्यावर होते. ती आधी त्यांच्याकडेच वळली.

"माजा घर मोडाक इला, तेवा देवाक माजा नाव सांगूक तुमका गावला नाय. आणि तिच्यासाठी गाराणा?"

भाईंनी मान खाली घातली. असं मी पहिल्यांदा बघितलं. देवाला सगळं माहीत असतं, असं काहीतरी ते पुटपुटले.

मग ती नवऱ्याकडे वळली. तो चौकटीतच उभा होता, घड्याळातल्यासारखा.

"सांगा आता. बाराक काय केल्यान तिना?"

सगळी वाडी पुढे सरकली. इतके दिवस याच क्षणासाठी आम्ही जेवत होतो. गुरुदासदादाने चौकट सोडली.

"माका म्हायत नाय."

कोणाला कळेना. तो म्हणाला, बारा वाजायला आले आणि बोटीचा भोंगा झाला. इंजिन दुरुस्त झालं होतं. सगळे खलाशी क्लबातून धावत सुटले. तो दारातून मागे वळून बघत होता, तेव्हा मथुरा घड्याळातच होती. बोट सुटली. त्याला आजतागायत कळलेलं नाही.

"मसुऱ्याक इलंय आसतंय तर तू पयला ह्याच इचारलं आसतंस," तो वहिनीला म्हणाला. "काय सांगा तुका? खोटा सांगूक जमणा नाय. म्हणान इलंय नाय."

वाडी खवळली. त्याने दोन बायका केल्या असत्या तर एवढं मनाला लागलं नसतं. इतके दिवस हा आनंदीसाठी गप्प आहे म्हणून आपण याला मान दिला, आणि याच्याकडे शेवटच नाही. पोस्टमन तर म्हणाला, ही फसवणूक आहे.

वहिनी मात्र नवऱ्याच्या नाकाकडे बघत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"जो माणूस तिच्याबरोबर घड्याळात होतो, तेका बाराक काय झाला ता म्हायत आसता. ह्येंका म्हायत नाय. म्हणजे हे थंय नव्हते."

या मुद्द्यालाही तोड नव्हती. भाईंनी तोंड उघडलं, पण निवाडा होऊन गेला होता. वहिनीने पदर सोडला, ओट्यावर टेकली आणि पाणी मागितलं. गुरुदासदादा स्वतः आत गेला आणि तांब्या घेऊन आला. चालताना एकदाही झुलला नाही.

एवढ्यावर सगळ्यांनी घरी जायला हवं होतं. कोणी हललं नाही. शेवटी भाईच लाजत म्हणाले, की आनंदी, तुझं झालं, बरं झालं, पण त्या मथुरेचं काय?

वहिनीने तांब्या खाली ठेवला.

"तेका काय कठीण आसा? सासवेन पयल्या टिकटिकीकच वळाकल्यान."

कसं काय, असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

"ता घड्याळ सासवेच्या लग्नाआधीपासून बंद. चलतच नव्हता कधी. चलाक लागला म्हणजे आत कोण तरी आसा." वहिनीने आता सासूचा आवाज घेतला, आणि तो इतका नर्मदाकाकीचा होता की मी काकीकडेच वळून बघितलं. "'बारा ठोके आयकान उठतंय,' म्हणाली आणि बसली. मथुरेन बारा ठोके दिल्यान. सासू म्हणता, चुकलो एक, परत दी. परत दिल्यान. मगे सासू म्हणता, आता बायो, घड्याळाक सांग भायर ये आणि चाय ठेव. मी नवी सून होतंय तेवा माका आत संध्याकाळपर्यंत उभा ऱवाचा लागलेला. तुका बाराकच सोडलंय."

मी बोटांच्या खुणेची वाट बघत होतो, सवयीने. खूण आली नाही. त्याआधीच नर्मदाकाकी हसली. पान गालात होतं, ते सांभाळायचं विसरून हसली, ठसका लागेपर्यंत, आणि मग सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, "शिरा पडो तुझ्या तोंडार, तुका कोणी सांगल्यान?" त्यावर खळं असं फुटलं की भाईसुद्धा मागे वळून न बघता हसले. काकी लग्न होऊन आली तेव्हा कशाच्या आत उभी होती, हे ती अजून सांगत नाही. त्यांच्या माजघरात भाताचा एक रिकामा पेटारा आहे. मी त्याची उंची नजरेने मोजली आहे.

आता वाडीत घड्याळाची गजाल सांगतात ती वहिनीच्या शेवटासकट. अमेरिकेतला शेवट वेगळा असेल, असं मी एकदा म्हणून बघितलं. भाई म्हणाले, असेल तर तो चुकला.

दुसऱ्या दिवशी गुरुदासदादा मला गाठून म्हणाला, "बाबू, ती आपल्या पायान इली मां?"

"इली."

"मी मसुऱ्याक गेल्लंय?"

"नाय."

"आणि तिका आणल्यान कोणी, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. तरीतला भाई मीच होतो. तेव्हापासून माझं तोंड बंद आहे. लिहिण्याविषयी पैजेत काही ठरलं नव्हतं, म्हणून हे हाताने.

काल तो मुंबईला निघाला. वहिनी धक्क्यावर आली होती, काकीही. पोरंही सगळी जमली होती. तरीपर्यंत तो चांगला सरळ चालत गेला. मग फळीवर पाय ठेवता ठेवता थांबला, माझ्याकडे बघितलं, पाय फाकवले, एक खांदा खाली टाकला आणि शेवटची चार पावलं असा झुलत गेला की नावाड्यालासुद्धा हसू फुटलं. पोरांनी माझ्याकडे माना वळवल्या. माझा डावा खांदा आपोआप खाली जाऊ लागला होता. तो मी उजव्या हाताने धरला आणि शिमग्याला किती दिवस उरले ते आठवत खांबासारखा सरळ उभा राहिलो.